फडक्यात बांधलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि झोप हा माझा आवडता उद्योग आहे. औषधांच्या गोदामात उंच तुळईला मी टांगलेली असते. झरोक्यातून ऊन येतं, खोक्यांची धूळ त्यात तरंगत राहते आणि मला स्वप्नं पडतात. स्वप्नात मी पुन्हा ओताऱ्याच्या भट्टीत असते, वितळलेली, कसलाच आकार नसलेली.

त्याने मला घडवलं ते नदीवरच्या नावेसाठी. धुक्यात मी वाजले की समोरची नाव थांबायची. पुढे पूल झाला, नाव गेली आणि मी भंगारवाल्याकडे धूळ खात पडले. तिथून मला ताईने उचललं.

ताई म्हणजे या गोदामाच्या संगणक विभागाची प्रमुख. कोणतं औषध कोणत्या पेटीत भरायचं हे पडद्यावर सांगणारी नवी प्रणाली इथे एकदा सगळीकडे एकदम सुरू केली होती. दुपारपर्यंत पेट्यांत भलतीच औषधं गेली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा मालक म्हणाले होते, "ताई, आणखी एक संधी देतो. पुन्हा घोळ झाला तर हे खूळ बंद आणि तुमचा विभागही बंद."

या वेळी ताईने घाई केली नाही. आधी एकच कपाट नव्या प्रणालीवर घेतलं. त्यावर माणसांचा हात बसला, की पुढचं. ज्या सोयी कुणी वापरतच नव्हतं त्या तिने सरळ काढून टाकल्या. आणि माझी दोरी सगळ्यांच्या हाताला येईल अशी सोडली. "नुसती शंका आली तरी ओढा," ती म्हणाली. मी वाजले की काम थांबे, सगळे जमत आणि चूक मुळापासून काढत. ओढणाऱ्याला ताई स्वतःच्या गुबगुबीत खुर्चीत बसवायची. सुरुवातीला लोक बिचकले. मग खुर्चीसाठी उगाच शंका काढणारेही निघाले! फार गोड दिवस होते ते.

एकदा मालकांनी इथून औषधं घेणारे पाहुणे बोलावले. त्यांना काम पसंत पडलं तरच पुढच्या कपाटांना परवानगी मिळणार होती. आदल्या संध्याकाळी ताई स्टुलावर चढली. मला वाटलं, पुसायला आली. तिने माझ्या लोलकाला फडकं गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता उतरली. मला तिचा राग आला नाही. उद्या मी वाजले असते तर तिचा विभागच बंद झाला असता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे माना डोलावत होते. इतक्यात आमचे टकलू चष्मेबुवा, म्हणजे ती प्रणाली लिहिणारे, एका पेटीपाशी थबकले. मुलांच्या दवाखान्याला जाणाऱ्या पेटीत मोठ्यांचं कडक औषध भरलेलं होतं. दोन्हींचं नाव एकच, म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र नोंदवून ठेवली होती. दारात गाडी सुरू होती.

त्यांनी दोरी ओढली. मी जीव खाऊन हलले, पण आवाज फुटेना. त्यांनी वर पाहिलं. चूक त्यांचीच होती आणि अजून कुणाला पत्ता नव्हता. ते गप्प बसले असते तर? माझ्या पितळेलाही घाम फुटायचा बाकी होता.

"थांबा! गाडी थांबवा!" चष्मेबुवा ओरडले. "माझं चुकलंय!"

"आज? पाहुण्यांसमोर?" मालक खेकसले.

ताई पांढरीफटक पडली. मग तिने स्टूल ओढलं, फडकं सोडलं आणि सगळ्यांदेखत मला दणादण वाजवलं. "साहेब, त्यांची चूक एका पेटीची आहे. हे फडकं मी बांधलं होतं."

पाहुण्यांत त्याच दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पेटीतली बाटली हातात घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

"ही घंटा रोज वाजते?"

"वाजते," ताई म्हणाली.

"वाजू दे. मग मी औषध इथूनच घेत राहीन."

दुसऱ्या दिवशी पुढचं कपाट सुरू झालं. आता सगळीच कपाटं चालतात, मी क्वचितच वाजते आणि मनसोक्त झोपते. तरी ताई अधूनमधून स्टुलावर चढून माझा लोलक चाचपून जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, कामात सगळं शांत असेल तर छानच आहे. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. एकदा जवळ जाऊन बघा, कुणाचं तोंड तर बांधलेलं नाही ना?