मागच्या चाकातली हवा

"फॅमिली, सगळ्यांनी हेल्मेट घातली ना? मग आता मोठ्याने म्हणा, वॉव!"

कोणीतरी 'वॉव' म्हणालं. मी नाही म्हणाले. माझं वय काय, माझी नोकरी काय, आणि भर उन्हात डोक्यावर भांडं पालथं घालून एका दाढीवाल्या पोरासाठी वॉव म्हणायचं? हा आमचा गाईड. गालाला चिकटलेला माइक, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि उगाचच दात काढायची सवय. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुढे टोपली लावलेली एक गुलाबी सायकल माझ्यासमोर आणून उभी केली. टोपलीला प्लॅस्टिकची फुलं.

"मावशी, ही खास तुमच्यासाठी. हळूहळू चालवा हं. दमलात तर हात वर करा, आम्ही थांबू."

मी एक्स-रे काढते. सरकारी हॉस्पिटलात उभा जन्म गेला माझा. ड्यूटीला सायकलवरून जायचे, दिवसपाळी असो की रात्रपाळी. हे पोरगं पाळण्यात होतं तेव्हा मी रोज पुलाचा चढ सीटवरून न उतरता चढत होते. पण बोलले नाही. म्हटलं, समजू दे म्हातारी. उपयोगी पडेल.

"आत्या, सीट उंच होतेय का?" पलीकडून आवाज आला.

हा गादीवाला. ह्याच्यापायीच तर हा सगळा उपद्व्याप. आणि आत्या म्हणायचा परवाना ह्याला कोणी दिला? मी मनीची आत्या, ह्याची कोण?

मनी माझ्या भावाची मुलगी. वहिनी गेली तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. भावाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलं, आणि "पोरगी तुझ्याकडेच बरी" म्हणून मोकळा झाला. मी तिला वाढवली, शिकवली, दातांची डॉक्टर केली. आता लग्नाचं विचारायला फोन केला तर साहेब म्हणतात, "तू म्हणशील ते." जन्मभर तेवढं एकच वाक्य पाठ केलंय त्याने.

आधी दोन मुलं बघितली होती. एकजण बसल्या जागी पाय हलवायचा. दुसरा आईला विचारल्याशिवाय चहाचा कप उचलत नव्हता. दोघांनाही मी वाटेला लावलं. मग एक दिवस हा महाभाग कामासाठी आमच्या गावी आला, ह्याची अक्कलदाढ ठणकली, आणि मनीच्या दवाखान्यात येऊन पडला. दाढ निघाली ती निघाली, वर दोघांचं जमलंही. ह्याचं गाद्यांचं दुकान, तेही इथे, ह्या समुद्रकाठच्या शहरात, आमच्यापासून रात्रभराच्या अंतरावर. मनी म्हणाली, "आत्या, एकदा चल, भेट, बघ. संध्याकाळी गाडीत बसायच्या आधी सांग. तू हो म्हणालीस तर हो."

म्हणून मी आले होते. आणि घरी बोलावून चार शब्द बोलायचे सोडून ह्याने काय करावं? सायकलवरून शहर दाखवणाऱ्या सहलीत आमची नावं घातली.

"तुमचंच गाव ना हे?" मी विचारलं होतं.

"हो ना आत्या, पण मी कधी बघितलंच नाही. दुकानच सुटत नाही."

आहे की नाही कमाल! स्वतःचं गाव बघायला गाईड लागतो, आणि हा म्हणे आमच्या पोरीला सांभाळणार.

निघालो. पुढे गाईड, मागे सारखेच शर्ट घातलेलं एक नवपरिणीत जोडपं, मग गादीवाला आणि मनी, शेवटी मी. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. डाव्या हाताला समुद्र. लोक समुद्राचं एवढं काय घेऊन बसतात देव जाणे. एका जागी पडून नुसता आवाज करत असतो. तरी प्रत्येक वळणावर त्या जोडप्याने थांबून त्याच्यापुढे फोटो काढले. नवरा फोटोत हसायचा आणि फोटो झाला की बायकोवर खेकसायचा.

गाईड एकेका ठिकाणी थांबवून माहिती सांगत होता. हा जुना धक्का. हे कोण्या कप्तानाचं घर. ही भिंत दोनशे वर्षांची. मी भिंत बघितली. तिच्यावर केस गळती थांबवण्याची जाहिरात होती. गादीवाला मात्र शाळेतल्या पोरासारखा पुढे होऊन भिंतीला हात लावून आला.

"मनी, गरम आहे बघ. दोनशे वर्षं ऊन खातेय."

काय हे बोलणं! आणि ह्याचा अवतार काय सांगू? अंगाने गोलमटोल, गाद्या विकता विकता स्वतःच गादी झालेला. एका पायाची पँट मोज्यात खोचलेली, नवेकोरे पांढरे बूट, सपाट रस्त्यावर चढाचा गिअर टाकून भिंगरीसारखे पाय फिरवतोय आणि सायकल जागची हलत नाहीये. मनी त्याला गिअर कसा बदलायचा ते दाखवत होती आणि खळखळून हसत होती. माझ्या घरात ही पोरगी हातातलं पुस्तक खाली न ठेवता तोंडातल्या तोंडात हसते. मला राग आला. मी उगाचच दोनदा घंटी वाजवली.

मग दीपगृहाचा चढ लागला. टेकडीवर दीपगृह, वर जाणारा वळणावळणाचा रस्ता. गाईड ओरडला, "फॅमिली, वर भेटू!" तेव्हाच मी मनाशी ठरवलं. माणूस पारखायचा तर आपण त्याच्या नजरेआड असताना पारखावा. तोंडासमोर सगळेच गोड.

मी मुद्दाम रेंगाळले. ते सगळे वळणाआड गेले तशी उतरले. एक बंद पडलेली सरबताची टपरी होती, तिच्या सावलीत सायकल लावली. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं, नखाने आतली पिन दाबली. सुस्स करून हवा गेली, चाक बसलं. मी कठड्यावर टेकले आणि टोपण मुठीत धरलं.

सगळं डोळ्यांसमोर होतं माझ्या. हा शहाणा वर पोचून आ वासून दीपगृह बघत बसणार. आत्या कुठे राहिली हे ह्याच्या गावीही नसणार. मनी घाबरीघुबरी होऊन धावत येणार, आणि मग मी तिला म्हणणार, बघ बाई, कोण आलं आणि कोण नाही आलं. मागे वळून न बघणाऱ्या माणसाच्या हातात मी पोरगी देत नाही. वाक्य तयारच ठेवलं होतं.

बराच वेळ कोणी आलं नाही. कठडा तापला होता. बसवेना आणि उठवेना. वरून एकदा हसण्याचा आवाज आला, तो मनीचा होता का ते कळलं नाही.

शेवटी ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज आला. मी पदर सारखा केला, चेहरा पाडला आणि वर बघितलं. गादीवाला! टोमॅटोसारखा लाल, हेल्मेट कानावर आलेलं, उतारावर सायकल आवरता आवरत नव्हती. टपरीला धडकायचाच बाकी राहिला.

"आत्या! लागलं का? पडलात का कुठे?"

"चाक बसलंय," मी म्हणाले. "मनी कुठाय?"

"वर आहे."

"तिला कळलं नाही मी मागे राहिले ते?"

तो खाली बसून चाक बघायला लागला. नको इतका वेळ बघत राहिला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"कळलं ना," तो म्हणाला. "तिलाच आधी कळलं. मी निघालो तर म्हणाली, जाऊ नकोस."

"काय?"

"आत्या, मला खोटं नीट बोलता येत नाही. गादी विकतानासुद्धा नाही येत." त्याने मानेवरचा घाम पुसला. "ती म्हणाली, आत्या ह्याच्या दुप्पट चढ चढते, ती दमून मागे राहायची नाही. चाकातली हवा सोडून बसली असेल. तू येतोस का ते बघतेय. म्हणाली, गेलास तर आज पास होशील, पण मग जन्मभर पेपर देत बसावं लागेल."

कानशिलं तापली माझी. भर रस्त्यात कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"एवढं सांगितलं होतं तर आलात कशाला?" मी फटकारलंच त्याला.

"पण खरंच पडला असतात तर?"

एवढंच म्हणाला तो. आणि गुडघ्यांवर बसून रस्त्यावर काहीतरी शोधायला लागला.

"काय शोधताय?"

"व्हॉल्व्हचं टोपण. इथेच कुठे तरी पडलं असेल."

टोपण माझ्या मुठीत होतं. तरी शोधू दिलं मी त्याला. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माझा रागच चढतो, हे माझं जुनं दुखणं. तो गवतात हात घालत होता, टपरीखाली वाकून बघत होता, पांढरे बूट धुळीने पार मातकट झाले होते. मला वाटलं, आता हा म्हणेल, आत्या, पुरे झालं, काढा ते टोपण. पण नाही. ठोंब्या तो ठोंब्याच. शोधतच राहिला.

"हे घ्या," मी मूठ उघडली.

त्याने टोपण घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसून रिकाम्या चाकाला ते नीट फिरवून बसवलं.

"हवाच नाही तर टोपण कशाला लावताय?"

"हरवायला नको."

मग माझी सायकल त्याने घेतली, त्याची मला दिली, आणि आम्ही दोघं पायी चढ चढलो. त्या गुलाबी सायकलीची प्लॅस्टिकची फुलं त्याच्या पोटाशी हलत होती. वाटेत तो एकदाच बोलला. गादीवर झोपून पाठ दुखते का, कुठल्या कुशीवर झोपता, असं काहीतरी. मी नुसतं हूं केलं.

वर पोचलो तशी गाईडने टाळ्या वाजवल्या. "मावशी, वॉव! एकदम फायटर!" आणि हवा भरायला पंप घेऊन आला. गादीवाला त्याच्या मदतीला बसला. मनी दीपगृहाच्या पायरीवर बसली होती. उठली नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मुलगा बरा आहे," मी म्हणाले.

"मला माहितीये."

"माझं हो आहे म्हणून सांगतेय."

"ऐकलं."

मला राहवेना. "काळजी नाही वाटली तुला? चक्कर येऊन पडले असते, गाडीने उडवलं असतं..."

"वाटली. दोनदा उठले, दोनदा बसले." तिने मांडीवरचं हेल्मेट फिरवलं. "पण दर वेळी मीच येते गं, आत्या. तू मागे बसून राहतेस आणि मी येते. मला पुढे शिकायला बाहेर जायचं होतं तेव्हा तुझी कंबर धरली. पहिल्या मुलाच्या वेळी तुला चक्कर आली. दुसऱ्याच्या वेळी छातीत दुखलं. छातीचा एक्स-रे तूच काढलास आणि तूच वाचलास."

"खरंच दुखत होतं."

"असेल. मी आलेच की. पण आज ठरवलं होतं, नाही जायचं."

"आणि मी संध्याकाळी नाही म्हटलं असतं तर?"

ती हेल्मेटचा पट्टा लावायला लागली. तो नीट लागत नव्हता. लहानपणापासून तिचे असले पट्टे, बटणं, बुटाच्या नाड्या मीच लावत आलेय. हात शिवशिवला, पण मी तो मांडीवरच ठेवला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा तिने स्वतःच लावला.

"फॅमिली, आता शेवटचा उतार! खाली गेलं की आपली सहल संपली," गाईड ओरडला.

जोडपं निघालं. त्यांच्यामागे मनी निघाली. ती चांगली चालवते, मीच शिकवलंय. गादीवाला मात्र माझ्यापाशी घुटमळत राहिला.

"आत्या, मी येतो तुमच्याबरोबर, मागून."

"काही गरज नाही. तुम्ही व्हा पुढे."

"नक्की?"

"जा म्हटलं ना."

गेला. चार हात गेला आणि त्याने मान वळवून मागे बघितलं. पुन्हा थोडा गेला, पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना सायकल सरळ दिव्याच्या खांबाकडे निघाली होती.

"अरे समोर बघ ना, गाढवा!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "मी येते माझी!"

दीपगृहावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्याने खांब चुकवला, एक हात वर करून हलवला आणि मग मात्र मान न वळवता गेला. मनी तोवर वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. मी रुमालाने तोंड पुसलं, सायकलवर बसले आणि सगळ्यांच्या मागून निघाले.