लिंबूपाण्यावर घेतलेली गोळी

सोयाबीनच्या पोत्यांमागे मांजर व्याली होती. पिलांना हलवायला गेलेल्या माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, उजव्या हाताला कडकडून चावून घेऊन आल्या. रेबीजच्या सुया लगेच सुरू केल्या. तरी दोन दिवसांत पंजा टम्म सुजला आणि लाली कोपराकडे सरकली.

जाफराबादच्या डॉक्टर तृप्ती म्हणाल्या, "अशा चाव्याला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची गोळी चांगली. पण आजींना तिची ॲलर्जी. दुसऱ्या औषधानं उतार नाही. आता संभाजीनगरला भरती करावं लागेल, हात वाचवायचाय."

ही ॲलर्जी सगळ्यांना सांगणारी मीच. बारावी सायन्स झाल्याच्या तोऱ्यात आठ वर्षं प्रत्येक दवाखान्यात ठासून सांगत आले होते.

"पूर्वी ही गोळी घेतली तेव्हा नेमकं काय झालं होतं? पुरळ, ओठ सुजणं, दम लागणं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "उलट्या झाल्त्या. जुलाब."

"गोळी काय खाऊन घेतली होती?"

सासूबाई पंख्याकडे बघायला लागल्या.

"आत्या, सांगा की," मी सासूबाईंना म्हटलं.

"नवरात्र होतं. कडक उपास. लिंबूपाण्यावर घेतली."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशीपोटी पुष्कळांना असा त्रास होतो. ती ॲलर्जी नव्हे."

तरी त्यांनी घाई केली नाही. माझ्या नवऱ्यानं, भारतनं, आणलेले पोहे आधी खायला लावले, पहिली गोळी समोर दिली आणि तासभर बसवून ठेवलं. मी सासूबाईंच्या ओठांवरून नजर हलवेना.

"माझं तोंड काय पाहून राह्यली?" त्या करवादल्या.

तास गेला. काहीच झालं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"उद्या परत दाखवा. लाली वाढली तर मात्र भरती," डॉक्टरांनी बजावलं. "आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आठ वर्षं गप का बसलात?"

"तव्हा सांगितलं आस्तं तर तुम्ही उपास मोडाया लावला आस्ता. मंग तूच समद्या डॉक्टरायला ॲलर्जी ॲलर्जी सांगत सुटली. मला वाटलं, पोरगी शिकलेली हाये, आसंल बाई."



दुसऱ्या दिवशी लाली मनगटाशी उतरली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंची मूठ वळली. वळते का ते बघायला त्यांनी त्याच हातानं माझा गाल ओढला. चांगलाच दुखला, आणि मी हसत बसले.