शेवटच्या बदलाची तारीख

"आजची तारीख दाखवतंय, बाई," पडद्यावर बोट टेकवत साहेब म्हणाले. "शेवटचा बदल आज, सव्वादहाला."

पुस्तकवाल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस वर्षं त्या कारखान्याच्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत होत्या, म्हणून हे नाव. वाफेच्या यंत्राच्या पुस्तकात 'झाकण उघडण्याआधी वाफ सोडा' ही ओळ त्यांनी चार महिन्यांपूर्वीच घातली होती. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या दुरुस्तीवाल्यानं वाफ न सोडता झाकण उघडलं आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आता वरून एकच सवाल होता, ओळ अपघाताच्या आधीची की नंतरची? आधीची असेल तर चूक त्याची, नंतरची असेल तर बाईंची. ज्याची चूक, तो घरी बसणार.

आणि सकाळी बाईंनी काय करावं? तारीख बघायला म्हणून पुस्तकाची मूळ फाईलच उघडली. पुस्तकं लिहायचं ते सॉफ्टवेअर असं दीडशहाणं, की उघडल्याबरोबर स्वतःच अनुक्रमणिका लावतं, स्वतःच सेव्ह करतं आणि तारीखही बदलून ठेवतं. आधी प्रत काढा, मग उघडा, असं नव्या माणसांना बाईच बजावत. रागाच्या भरात नेमक्या त्याच विसरल्या.

जुन्या प्रतींचं विचारलं तर कॉम्प्युटर विभागातला माणूस म्हणाला, गेल्या आठवड्यात सगळं नव्या मशीनवर हलवलं आणि जुनं पुसून टाकलं. कुणाला विचारून पुसलं, तर म्हणे मेल पाठवला होता.

मग बाईंना आठवलं. सुधारलेल्या पुस्तकाची एकच प्रत छापून बाहेर गेली होती, तीही दुरुस्तीवाल्याच्याच पिशवीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याला फोन लावला. बायकोनं तो त्याच्या कानाला धरला.

"ओळ आहे, बाई. तारखेसकट," तो म्हणाला. "वाचली पण होती मी. चार जण ताटकळत उभे होते, घाई केली." मग स्वतःच म्हणाला, "पाठवू का पुस्तक? हिच्याबरोबर देतो."

बाईंना 'पाठव' असंच म्हणायचं होतं. चूक तुझी आणि बोलणी मी का खायची, हेही अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पलीकडून त्याची बायको हळूच म्हणाली, हात जरा वर धरा, बटणं लावते.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मला सापडली तारीख."

दुपारी साहेबांनी कागद पुढे केला. ओळ अपघातानंतर घातली, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी सही केली.

"इतकी वर्षं काढलीत इथे," साहेब म्हणाले. "तुमच्याकडून असं कसं राहिलं हो?"

बाईंचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. तो दुरुस्तीवाल्यावर होता, सॉफ्टवेअरवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता. जागेवर येऊन त्यांनी टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली उतरल्या.