रेणूच्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भिलाईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काम केलं आणि आता जिन्याखालच्या खोलीत तुटक्या बाकांच्या सोबतीला बसलो आहे. इथे मला कोणी चालू करत नाही. त्यामुळे आठवायला वेळ भरपूर मिळतो.

मोठ्या कारखान्यात जन्मल्याची फुशारकी मला मारता येत नाही. सुपेल्याच्या बाजारात एका दुकानदाराने निरनिराळ्या खोक्यांतून सुटे भाग काढले, ते जोडले आणि माझा मी झालो. कॉलेजात आलो त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला. कळफलकावर हळदकुंकू वाहिलं गेलं. त्यातलं थोडं कुंकू फटीत शिरलं आणि माझी एक कळ जन्मभर अडखळत राहिली. प्राचार्य म्हणाले, ‘आता आपलं कॉलेज आधुनिक झालं.’ टाळ्या वाजल्या. मला ते खरं वाटलं. मी नवा होतो.

माझ्यासमोर तेजरामबाबू बसत. ते प्रवेशाचं काम बघत. माणूस मूळ गोंदियाकडचा, वडील रेल्वेत दुर्गला होते म्हणून इकडचाच झालेला. बोलायला गोड, कामाला चोख. पलीकडच्या टेबलावरचे देवांगनबाबू परीक्षेचं काम बघत. वाचनालयाची यादी आणखी कोणाची, शिष्यवृत्तीची आणखी कोणाची. सगळ्या याद्या माझ्याच पोटात होत्या, पण एकीची दुसरीला ओळख नव्हती. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखा त्यांचा संसार चालला होता. कोणा मुलाने घर बदललं, की त्याने चार टेबलांवर चारदा पत्ता सांगायचा. तीन ठिकाणी सांगून तो कंटाळायचा, आणि चौथ्या यादीत आपल्या जुन्याच घरी राहत असायचा. हे कोणाला खटकत नव्हतं. मला खटकत होतं, पण मला विचारतो कोण? माझ्यात फक्त भरायचं असतं.

अशातच रेणू आली. रेणू गुलाबराव कापगते, हुडको वसाहतीतली. वडील पोलादाच्या प्लांटातून निवृत्त झालेले. तेजरामबाबूंनी तिचं नाव माझ्यात घातलं आणि ती बीएचं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कुरुदच्या लांजेवारांकडे तिने माप ओलांडलं आणि तुमच्या-आमच्यात रीत आहे तसं तिचं नाव बदललं. नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं, समृद्धी. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं, आधार कार्डही नवं झालं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला ती सासूबरोबर आली. सासूचं नाव सत्यभामाबाई. तेजरामबाबूंनी नवं आधार पाहिलं आणि नवं नाव भरलं, समृद्धी पीयूष लांजेवार. सुनेचं नाव बदलतं यात त्यांना काहीच नवल वाटलं नाही, आणि नवल वाटलं नाही म्हणून जुन्या नावाची नोंद करावी असंही वाटलं नाही. विद्यापीठाच्या यंत्राला तांदूळ, ताट, अंगठी यांतलं काही ठाऊक नव्हतं. त्याने नव्या मुलीला नवा नंबर देऊन टाकला.

झालं. माझ्यात आता दोन मुली होत्या. एक रेणू, जी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून गेली. आणि एक समृद्धी, जी पहिलं वर्ष न करताच दुसऱ्यात उतरली. दुसऱ्या वर्षी मागचा निकाल कोणी तपासला नाही, म्हणून कसंबसं निभावलं. तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर सगळ्यांची प्रवेशपत्रं निघाली आणि समृद्धीचं निघालं नाही.

ती सासूला घेऊन ऑफिसात आली. देवांगनबाबूंनी पडदा तिच्याकडे वळवला.

“पहले साल का रिज़ल्ट ही नहीं है तुम्हारा। वो तो किसी रेणू का है।”

“मीच रेणू आहे, सर. मतलब, मैं ही हूँ.”

“बेटा, यहाँ दो लड़कियाँ दिख रही हैं। मैं दो को एक कैसे लिख दूँ?”

तेजरामबाबू मध्ये पडले. “अरे भैया, मी वळखतो ना इले. इचा बाप आन् मी एका गल्लीत ऱ्हायलो.”

“पहचान से क्या होगा तेजराम भैया, रिकॉर्ड दिखाओ।”

देवांगनबाबूंचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. जे दिसत होतं ते ते सांगत होते, आणि दाखवत होतो मी.

 सत्यभामाबाई बोलायला फटकळ. सुनेला म्हणाल्या, “मी तुले पयलेच सांगतलं व्हतं. यंदाचे पेपर झाले तं झाले. घरच्यायनं एवढंच कबूल केलं हाय. पुढच्या सालाचा इषय काढू नको.”

रेणूने मान खाली घातली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिचा हात टेबलावर होता, आणि तो हात माझ्या माऊसशेजारी बराच वेळ तसाच पडून राहिला. मी यंत्र आहे, मला वाईट वाटत नाही असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

संगणक विभागाच्या वंदना मॅडम तेव्हा आपल्या कामाला आल्या होत्या. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं आणि तेजरामबाबूंकडे वळून विचारलं, “नाव बदललं, बापाचं नाव बदललं, आडनाव बदललं. काय बदललं नाही?”

तेजरामबाबू विचारात पडले. उत्तर रेणूनेच दिलं. “दहावीचा रोल नंबर. तो कसा बदलेल?”

तो नंबर प्रत्येक अर्जावर असे आणि सवयीने माझ्यात भरलाही जाई, पण त्याच्यावरून कोणी कधी कोणाला शोधलं नव्हतं. आमच्याकडे सगळा शोध नावावर चाले. वंदना मॅडमनी चारही टेबलांच्या याद्या एकत्र केल्या आणि दहावीच्या नंबराने लावल्या. मला जरा वेळ लागला, माझा पंखा घरघरला. मग रेणू आणि समृद्धी एकमेकींच्या खाली येऊन बसल्या. नंबर तोच, जन्मतारीख तीच, आईचं नाव तेच. मॅडमनी तो कागद छापला, दहावीची गुणपत्रिका आणि लग्नाचा दाखला जोडला आणि देवांगनबाबूंना घेऊन स्वतः विद्यापीठात गेल्या. प्रवेशपत्र पेपराच्या आदल्या दिवशी हातात पडलं.

पण मित्रांनो, त्या यादीत ही एकच जोडी नव्हती. खाली खाली जावं तशा आणखी जोड्या निघाल्या. लग्न झालं की मुली कॉलेज सोडतात, असा अहवाल आमचं कॉलेज दरवर्षी पाठवत असे. त्यावर बैठका होत, चहा होई, हळहळ होई. आणि त्यांतल्या काही मुली शेजारच्याच वर्गात नव्या नावाने बसून तास ऐकत होत्या. मला हसू आलं. पण सोडून गेलेल्यांतल्या काही नावांच्या खाली कोणीच येऊन बसलं नाही. त्या मुली खरोखरच गेल्या होत्या. दोन्ही प्रकार एकाच गठ्ठ्यात बांधले, म्हणून गेलेल्यांना परत बोलवायला कोणी कधी फोनही केला नव्हता. मॅडमनी त्यांची वेगळी यादी केली आणि तेजरामबाबूंना फोन लावायला बसवलं. त्यानंतर एका विद्यार्थ्याला एकच नंबर, आणि सगळ्या टेबलांना एकच यादी, असा नियम झाला.

पेपर संपल्यावर रेणू पेढे घेऊन आली. सत्यभामाबाई बरोबर होत्याच. त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, पण त्या निघेनात. पदर सारखा करत माझ्याकडे बघत राहिल्या. मग वंदना मॅडमना म्हणाल्या,

“मॅडम, याच्यात जुन्या पोरी बी सापडतेत काय?”

“कोण पाहिजे तुम्हाला?”

“चंदा. चंदा रामाजी शेंडे. बीए पयलं. छत्तीसगढ व्हाच्या आंधीची गोष्ट हाय.”

“तुमच्या कोण त्या?”

“मीच व्हती जी.”

रेणू सासूकडे बघत राहिली. तेजरामबाबूंनी हातातला पेढा खाली ठेवला. मॅडमनी नाव टाइप केलं. मी मनापासून शोधलं. जिथे जिथे बघता येतं तिथे सगळीकडे बघितलं, आणि मला लिहावं लागलं की असं नाव इथे नाही. माझ्या जन्माआधीच्या वह्या माझ्यात कोणी भरल्याच नव्हत्या.

“ऱ्हाऊ द्या,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “इचं सापडलं ना.” आणि त्या सुनेच्या आधी बाहेर पडल्या.

जुन्या वह्याही भरून घेऊ, असं मॅडम त्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण लवकरच नवी यंत्रं आली. माझ्यातलं सगळं त्यांच्यात गेलं आणि मी इथे जिन्याखाली आलो. माझी काही तक्रार नाही, यंत्राचं असंच असतं. तुम्ही माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण माझ्यासारख्या एखाद्या यंत्रात माणसांची नावं भरायचं काम उद्या तुमच्याकडे आलं, तर ते जपून करा. नवं नाव लिहिताना जुनं पुसू नका. आणि तुमच्यापैकी कोणी त्या ऑफिसात गेलंच, तर माझं एवढं काम करा. चंदा रामाजी शेंडे, बीए पहिलं वर्ष, हे नाव यादीत आहे का ते बघा. नसेल तर घालायला सांगा. तिच्या पुढच्या वर्षांच्या जागा रिकाम्याच राहतील, त्या राहू द्या. पण ती इथे होती, एवढं तरी दिसलं पाहिजे.