वाकडी पटाशी आणि शिवणीची पात्रं

मी एक जुनी वाकडी पटाशी आहे. अवसरी बुद्रुकमध्ये, सावळेराम कातारी यांच्या पडवीत मी राहते. पटाशी होण्याआधी मी एका गॅरेजमधली झिजलेली कानस होते.

मित्रांनो, कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. सावळेराम लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय करत. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आतून पोकळ भांडं मात्र त्यांनी कधी केलं नव्हतं.

१९९६ साली मंचरचे कापड दुकानदार केवलचंद त्यांच्याकडे आले. केवलचंदांची मुलगी चेतना दीक्षा घेऊन साध्वी होणार होती. जैन साध्वी लाकडाच्या पात्रातच भिक्षा घेतात.

"पात्रं आपल्याकडच्या लाकडाची असावीत अशी तिची इच्छा आहे," केवलचंद म्हणाले. "पण हलकी करा. तिला आता सगळीकडे पायीच जायचंय."

सावळेरामांनी शिवणीच्या झाडाचं हलकं लाकूड आणलं. सरळ पटाशीनं आतून कोरता कोरता पहिला तुकडा तडकला, दुसऱ्याला बुडाशी भोक पडलं. तिसऱ्या दिवशी ते कपाळाला हात लावून बसले. वीज गेली की त्यांच्या पत्नी कुशाबाई लेथचा पट्टा हातानं ओढत. त्या म्हणाल्या, "अवो, सरळ हत्यार आतल्या कडंला पोचंल कसं? वाकवा की त्याला!"

सावळेराम तडक उठले. गॅरेजमधून त्यांनी मला, टाकून दिलेल्या कानशीला, आणलं, लोहाराच्या भट्टीत लालबुंद केलं, टोक वाकवलं, धार लावली आणि बाभळीची लांब मूठ बसवली. फिरत्या लाकडात मी पहिल्यांदा शिरले, तेव्हा रिबिनीसारखी ढलपी बाहेर आली. कुशाबाई खुदकन हसल्या.

पात्रं न्यायला चेतनाची आई आली, पानबाई. मुलीनं घर सोडू नये म्हणून चार महिने त्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांत मोठं पात्र हातात तोलून पाहिलं.

"भाऊ, अजून पातळ होईल?"

"व्हईल, पण फुटायची भीती हाये. दुसरं लाकूड न्हाई माझ्याकडं, आन दीक्षा तर परवा."

"तरी करा. तिचं जाणं मला थांबवता आलं नाही. निदान हातातलं ओझं तरी कमी होऊ दे."

नेमकी वीज नव्हती. कुशाबाई हळूहळू पट्टा ओढू लागल्या. सावळेराम श्वास रोखून मला पुढं सरकवत होते. माझ्या टोकाखाली लाकूड थरथरत होतं. अखेर लाकडातून पलीकडचा पिवळसर उजेड दिसू लागला, तेव्हा ते थांबले. पानबाईंनी पात्र पदरात घेतलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडल्या.

त्यानंतर जुन्नरहून, येडगावहून लोक पात्रांसाठी येऊ लागले. सावळेराम मला रोज तेल लावून फडक्यात गुंडाळत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग २००४ साली त्यांची उजवी बाजू लुळी पडली. लेथ बंद झाला. मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या कडीत अडकवलं गेलं. माझ्यावर गंज चढला. तीन पावसाळे मी तिथंच अडकून होते.

एके दिवशी भंगारवाला दारात आला. खाटेवरून सावळेराम म्हणाले, "दिऊन टाक ती पटाशी. आता कोण चालिवणार?"

कुशाबाईंनी मला कडीतून ओढून काढलं. बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"मी चालिवते."

"तू?"

"तीस वरसं पट्टा वढला. हत्यार धर, असं कवा म्हणला न्हाई तुमी."

सावळेरामांनी डाव्या हातानं भंगारवाल्याला जायला खुणावलं. भंगारवाला निघून गेला. कुशाबाईंनी मला दगडावर घासलं. वीज आल्यावर लेथ सुरू झाला. खाटेवरून आवाज आला, "कोपर पोटाशी धर. घाई करू नगं."

पहिलं पात्र वाकडंतिकडं झालं. सावळेरामांनी ते डाव्या हातानं फिरवून फिरवून पाहिलं.

"एका बाजूला जाड ऱ्हायलंय," ते म्हणाले. "दुसरं लाकूड चढव."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या हत्यारांना गंजू देऊ नका. आणि एखादं हत्यार भंगारात टाकण्याआधी, ते हाती धरायची कोणाची इच्छा मनातच राहून गेली आहे का, एवढं एकदा विचारा.