डाव्या कोपऱ्यातला देऊ

देऊ ठाकराला बोलायला गेलं की शब्द घशात अडकायचा. पाणी मागायचं तर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. समोरचा तांब्या घेऊन उभा आणि हा नुसता मान हलवतोय. बारवी नदीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी होती. तिथं लहानपणापासून सगळ्यांना सवय झालेली, कुणी त्याचं काही वाटून घेत नसे. अडचण व्हायची ती फक्त सुगीनंतर, खळ्यात हुतूतूचा डाव मांडला की. एका दमात "हुतूतू हुतूतू" म्हणत पलीकडच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न तोडता परत यायचं, असा तो खेळ. देऊच्या छातीत दम भरपूर होता, पण शब्द मध्येच तुटायचा, आणि शब्द तुटला की गडी बाद. म्हणून तो चढाईला कधी जात नसे. आपल्या अंगणात डाव्या कोपऱ्यात वाकून उभा राहायचा आणि येईल त्याला धरायचा.

धरण्यात मात्र त्याचा हात कुणी धरत नव्हतं. गुरं राखताना उधळलेल्या वासराचा मागचा पाय जमिनीलगत झडप घालून पकडायची त्याची सवय, तीच खेळात आली होती. घोटा एकदा त्याच्या पंजात सापडला की भले भले गडी तोंडावर पडायचे. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायची म्हणजे बोलणं आलं. शब्द कुठं अडणार हे त्याला जन्माचं ठाऊक. त्यामुळे समोरच्या गड्याचा "हुतूतू" तो कान देऊन ऐकायचा. पाय टाकायच्या आधी गड्याचा आवाज किंचित दबतो. तो दबला की देऊ झेप घ्यायचा.

स्वातंत्र्यानंतरची दुसरी शिवरात्र. अंबरनाथच्या देवळाजवळ जत्रा भरली होती. देऊ मिठाईवाल्याच्या भट्टीला लाकडाची मोळी देऊन मोकळा झाला आणि मैदानाकडे वळला. तिथं अंबरनाथच्या आगरी पोरांचा संघ कल्याणच्या संघाशी खेळत होता. अंबरनाथचा एक गडी पाय मुरगळून बसला, बदली गडी मिळेना. वाडीतल्या पोरांनी देऊला पुढं ढकललं. संघाचा म्होरक्या हरिचंद्र, तिशीतला, रुंद खांद्याचा. त्याने देऊच्या पिंढऱ्या पाहिल्या आणि काही न विचारता कोपऱ्यात उभा केला.

पुढच्या घटकाभरात देऊने कल्याणचे गडी असे पाडले की लोक भट्टीवरची जिलेबी सोडून रेघेपाशी येऊन बसले. पण शेवटी अंबरनाथचे एकेक करत सगळे बाद झाले आणि अंगणात एकटा देऊ उरला. आता चढाईला जाणं त्यालाच भाग होतं. तो रेघेवर आला, तोंड उघडलं, आणि "हु" वरच जीभ थांबली. पंचाने हात वर केला. अख्खं मैदान हसलं. कल्याणने लोण चढवला, डाव जिंकला. देऊ खाली मान घालून डोंगराच्या वाटेला लागला.

हरिचंद्राने त्याला ओढ्यापाशी गाठलं. देऊला वाटलं, आता हा शिव्या देणार. हरिचंद्राने त्याला घरी नेलं, आईकडून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढवलं, आणि जेवण होईपर्यंत खेळाचं नावही काढलं नाही. हात धुतल्यावर म्हणाला, "आजचा डाव मी घालवला. तुला एकटा ठेवायला नको होता. माझ्या संघात तू नुसता धरायचास. चढाईचं आम्ही बघू."

देऊला हे बोलणं फार दिवस पुरलं.

हरिचंद्र स्टेशनजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात फिटर होता. मुंबईतल्या गिरण्या खेळाडूंना नोकऱ्या देऊन संघ बांधत होत्या, ते पाहून या कारखान्याच्या मॅनेजरलाही हौस आली. संघ बांधायचं काम हरिचंद्राकडे आलं आणि त्याने पहिलं नाव देऊचं घातलं. असा डोंगरातला देऊ कारखान्यात लागला. सकाळी रंगाची पिंपं हलवायची, दुपारनंतर मैदानावर सराव. खेळायचा पगार मिळतो हे त्याच्या बापाला काही केल्या पटेना. म्हाताऱ्याने वाडीतून येऊन सगळं डोळ्यांनी पाहिलं, पिंपांना हात लावून बघितलं, मैदानाच्या कडेला बसून सरावही पाहिला, आणि मगच परत गेला.

त्याच वर्षी देऊचं लग्न झालं. बायको जिवली, पलीकडच्या वाडीतली, दोघांच्या वाटचं एकटी बोलणारी. चाळीतली खोली तिला आधी आवडली नाही. चार महिने ती कोंडल्यासारखी वावरली. मग एके दिवशी शेजारणीबरोबर जवळच्या निर्वासितांच्या वस्तीत, कॅम्प चारला गेली. लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी लोक राहत होते. फाळणीत घरंदारं सोडून आलेले, पण बराकीबाहेर ज्याने त्याने काही ना काही मांडलं होतं: पापड, कुलपं, कापडाचे तुकडे. तिथल्या बायका कमळाचे देठ शोधत फिरतात, त्याला त्या 'भे' म्हणतात आणि जीव टाकतात, हे जिवलीने हेरलं. तिला बदलापूरच्या बाजूची दोन तळी ठाऊक होती. दुसऱ्या आठवड्यात ती टोपलीभर देठ घेऊन कॅम्पात बसली. पुढं रानभाज्याही नेऊ लागली, आणि "सांई, ताजा भे" अशी हाळी देताना तिला कुणी ऐकलं असतं तर डोंगरातली म्हटलं नसतं.

इकडे संघाचं नाव होऊ लागलं. ठाणे, अलिबाग, दादर, जिथं सामने तिथं देऊ. हरिचंद्राने दिलेला शब्द पाळला. संघाची मांडणीच त्याने अशी केली की देऊवर एकटा उरायची वेळ येऊ नये. गडी कमी झाले की हरिचंद्र स्वतः जपून चढाई करायचा, रेघेपलीकडे नुसतं फिरून परत यायचा, पण बाद व्हायचा नाही. हळूहळू खेळाचं नाव बदललं, नियम छापून आले, हुतूतूच्या जागी "कबड्डी कबड्डी" ऐकू येऊ लागलं. पहिल्या मोसमात देऊ जरा चुकला, कारण नव्या शब्दात आवाज वेगळ्या जागी दबायचा. पण मोसम संपेतो त्याच्या कानाला तेही बसलं. वर्तमानपत्रात एकदा 'अंबरनाथचा अभेद्य डावा कोपरा' असं छापून आलं. जिवलीने ते शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि 'अभेद्य' म्हणजे काय ते विचारून ठेवलं.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात ठाण्याला सामना चालला होता. देऊने नेहमीसारखी घोट्यावर झेप घेतली. गड्याने पाय झटकला आणि त्याची टाच देऊच्या उजव्या पंजावर पूर्ण भाराने आली. दोन बोटं मोडली. हाडं जुळली, पण वाकडी. पट्टी सोडल्यावर देऊने मूठ वळून पाहिली, तर ती दोन बोटं बाहेरच राहिली. घोटा पकडायचा तर पंजा पुरता मिटायला हवा. सरावात त्याने तीन-चारदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी गडी हातातून निसटला, साबणासारखा.

मॅनेजर भला माणूस होता, पण त्याने हरिचंद्राला बोलावून विचारलं की खेळाडू म्हणून घेतलेला माणूस खेळणार नसेल तर त्याचं काय करायचं. मोसम सुरू होईपर्यंत पाहू, असं ठरलं. हरिचंद्राने हे देऊला आडपडदा न ठेवता सांगितलं. देऊ घरी आला, जेवला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला. पिंपं तर तो अजूनही हलवू शकत होता. पण पिंपं हलवणारे शंभर मिळतील, हे त्यालाही कळत होतं. खरं दुखत होतं ते वेगळंच. आयुष्यात एकच गोष्ट त्याला न बोलता इतरांपेक्षा चांगली करता येत होती, आणि तीच गेली होती.

जिवलीने त्याला दोन दिवस तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी तिने टोपली त्याच्या डोक्यावर दिली आणि कॅम्पात घेऊन गेली.

तिच्या बसायच्या जागेमागं लोकूमलचं खाटा विणायचं दुकान होतं. लोकूमल पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण मान बैलासारखी. जिवलीशी त्याची रोजची बोलाचाली. तिने आधीच त्याला सगळं सांगून ठेवलं असावं, कारण त्याने देऊचा हात हातात घेतला, बोटं उलटसुलट पाहिली, आणि विचारलं, "उंगली गई. कमर गई क्या?"

देऊने मान हलवली, नाही.

मग लोकूमलने सांगितलं ते असं. सिंधमध्ये त्यांच्या गावाला जत्रेत कुस्ती व्हायची, मलाखडो. कमरेला कापड बांधायचं, आणि समोरच्याने ते पकडून उचलायचं. तरुणपणी तो त्यात नावाजलेला होता. इथं आल्यापासून कुणाला ते ठाऊकही नव्हतं, आणि त्यानेही कधी काढलं नव्हतं. पण कापड नसलं तरी माणूस उचलता येतो आणि त्याला बोटं लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. एका हाताचं मनगट दुसऱ्या कोपराच्या बेचक्यात अडकवायचं, डोकं फासळीखाली खुपसायचं, आणि जोर कमरेतून काढायचा.

बराकीमागच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी दोघं झुंजू लागले. पहिल्या आठवड्यात लोकूमलने त्याला इतक्यांदा आपटलं की जिवलीने भाजी विकता विकता तिकडे बघायचं सोडून दिलं. देऊची अडचण ही, की त्याची सवय खाली वाकायची. उभ्या गड्याच्या छातीला भिडायचं म्हणजे त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटायचं. लोकूमल धापा टाकत खाटेवर बसायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा. एका सकाळी देऊने त्याला मिठीत घेतलं, फिरवलं आणि मातीत टेकवलं. लोकूमल पडल्या पडल्या हसत राहिला. मग उठून तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते. देऊने काही विचारलं नाही. न विचारणं त्याला चांगलं जमायचं.

छप्पन सालच्या मोसमात कल्याणला स्पर्धा भरली. अंतिम सामना परळच्या एका गिरणीशी. त्यांचा रघु म्हणजे त्या वेळचा नावाजलेला चढाईबहाद्दर, सडपातळ, विजेसारखा. देऊचा हात गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. पहिल्याच चढाईला तो सरळ डाव्या कोपऱ्यात आला, पाय मुद्दाम पुढं टाकून. देऊने पायाकडे पाहिलंही नाही. "कबड्डी कबड्डी" ऐकत तो थांबला, आवाज दबला त्या क्षणी उभ्या उभ्या आत घुसला, आणि रघुची कमर त्याच्या दोन हातांच्या कडीत आली. रघुने मुसंडी मारली, पाय झाडले, रेघ वीतभरावर होती. पण पाय जमिनीला लागतील तर ना. देऊने त्याला उचलून धरला तो त्याचा दम संपेपर्यंत.

डावा कोपरा माणूस उचलतो हे कुणी पाहिलं नव्हतं. मग जो गलका झाला त्यात कडेला बसलेल्या लोकूमलचा आवाज सगळ्यांच्या वर होता. सामना चुरशीचा झाला. रघुने पुढं चार गडी बाद केले, हरिचंद्राने दोनदा हरता डाव वाचवला, देऊने रघुला आणखी एकदा धरलं. शेवटी अंबरनाथ दोन गुणांनी जिंकलं.

ढाल घेऊन सगळे कारखान्यात आले तेव्हा मॅनेजरने देऊची पाठ थोपटली आणि त्याला कायम करून टाकलं, खेळो वा न खेळो. पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. रघु स्वतः परळहून देऊच्या खोलीवर आला. बरोबर गिरणीचा एक बाबू. जिवलीने चहा ठेवला, हरिचंद्राला बोलावणं धाडलं. बाबूचं म्हणणं होतं की देऊने गिरणीच्या संघात यावं. खोली मिळेल, पगार वाढेल, मोठ्या स्पर्धा मिळतील. रघु म्हणाला, दोन मोसम त्याने या कोपऱ्याचा धसका घेतलाय, आता तो कोपरा आपल्या बाजूला असावा एवढंच त्याला वाटतं. हरिचंद्र सगळं ऐकून म्हणाला की मोठी संधी आहे, देऊने जायला हवं. त्याने ते मनापासून म्हटलं, पण म्हणताना कपातल्या चहाकडे बघत होता.

सगळे देऊकडे पाहू लागले. जिवली एरवी त्याच्या वाटचं बोलायची, पण आज तीही चुलीतली लाकडं सारत राहिली.

देऊ बोलायला लागला. पहिला शब्द निघायला वेळ लागला. बाबू मध्येच काही सुचवायला गेला, तर रघुने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"म-मी इथं बरा हाय," देऊ म्हणाला. "सकाळी लोकूमलशी झुंजतो. रविवारी वाडीत जातो. ही तळ्यावर जाते. आन हरीदादा मला एकटा ठे-ठेवीत नाय. तिकडं कोण हाय असा?"

रघुने कप खाली ठेवला आणि म्हणाला, खरं आहे, तिकडे असा कुणी नाही. त्याने विषय पुन्हा काढला नाही. उलट मांडी ठोकून बसला आणि ती कमरेची पकड कुठून शिकलास ते विचारू लागला. देऊला तेवढं सगळं सांगणं जमेना, तेव्हा जिवलीने सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून. हसताना रघुचा चहा सांडला. हरिचंद्र सगळ्यांत मोठ्याने हसला.

देऊ त्यानंतर आणखी चार मोसम खेळला. मग गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्याने जागा नव्या पोराला दिली आणि कारखान्याच्या संघाला पकड शिकवू लागला. शिकवताना तो बोलत नसे, समोरच्याला धरून दाखवायचा, पुन्हा पुन्हा, अंगात बसेपर्यंत. जिवलीला मुलगी झाली, तिचं नाव राही ठेवलं. रविवारी देऊ तिला खांद्यावर घेऊन वाडीची वाट चालायचा. राही आईवर गेली होती. वाटेत दिसेल त्या झाडाचं, गुराचं, माणसाचं नाव विचारत अखंड बडबडायची, आणि देऊ एकेक नाव सावकाश, घाई न करता, तिला सांगत जायचा.