बारा शब्दांचे मालक

दातांच्या डॉक्टरांचा कंपन्यांवर काडीचा विश्वास नव्हता. क्रिप्टोतली पुंजी त्यांनी स्वतःच्या फोनमधल्या वॉलेटात ठेवली होती. चावी म्हणून मिळालेले बारा इंग्रजी शब्द ज्याच्याकडे, तोच खरा मालक, हे ते तोंडात ड्रिल असलेल्या पेशंटलाही ऐकवत. बिचारा पेशंट नाही म्हणणार कसा?

या बारा शब्दांची त्यांनी वाटणी केली होती. सहा बायकोकडे, सहा मेहुण्याकडे; एकट्याला वॉलेट उघडता येऊ नये हा कावा. स्वतःजवळ एकही ठेवला नाही. चोराने डोळे वटारले तर आपण पोपटासारखे बोलू, एवढी त्यांना स्वतःची ओळख होती.

मेहुणा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याची क्रिप्टोची नाणी एका कंपनीच्या अॅपवर होती. चावी कंपनीकडे, झोप याच्याकडे. एकदा जेवताना डॉक्टरांनी त्याला सर्वांदेखत सुनावलं, "चावी परक्याला देऊन ओसरीवर झोपणारा मालक आजच पाहिला!" मेहुणा भरल्या ताटावरून उठला तो पुन्हा फिरकला नाही.

आणि मग एका पेशंटच्या कवळीसाठी कालवलेल्या प्लास्टरमध्ये डॉक्टरांचा फोन पडला. काढेपर्यंत प्लास्टर घट्ट झालं. फोन गेलाच. नव्या फोनवर वॉलेट आणायचं तर बाराही शब्द हवेत. बायकोने आपले सहा घडाघडा म्हणून दाखवले आणि वर विचारलं, "उरलेले कुणाकडे आहेत, आठवतंय ना?"

डॉक्टर मेहुण्याच्या दारी गेले. तो गाडीत शिकाऊ मुलीला रिव्हर्स शिकवत होता. बारा शब्दांचे मालक मागच्या सीटवर अंग चोरून बसले. गाडी दोनदा फुटपाथवर चढली, तरी त्यांनी हसून "छान, छान" म्हटलं.

"बोला भावजी," मेहुणा आरशातूनच म्हणाला.

"ते सहा शब्द हवे होते."

"आधी त्या दिवसाचं बोलू."

"चुकलं माझं."

"मोठ्याने बोला, इंजिनाचा आवाज आहे."

डॉक्टर ओरडले, "चुकलं!" मुलीने दचकून ब्रेक दाबला.

मेहुण्याने फोन काढला. "ईमेलमध्ये ठेवलेत. थांबा, पासवर्ड विसरलो. हरकत नाही, कंपनी नवा देते."

"कंपनी?" डॉक्टरांचा चेहरा पडला. "म्हणजे माझी अर्धी चावी इतके दिवस कंपनीकडे होती?"

"मग काय! घरी ठेवली असती तर हरवली नसती का?"

वॉलेट उघडलं तेव्हा बायको आणि मेहुणा दोघंही डॉक्टरांच्या खांद्यावरून डोकावत होते. आतली रक्कम पाहून मेहुण्याने सभ्यपणे छताकडे नजर वळवली. बायकोला तेवढा सभ्यपणा जमला नाही. "एवढ्यासाठी माझ्या भावाला उपाशी उठवलंत?"

डॉक्टरांनी त्याच दिवशी नवं वॉलेट काढलं. नवे बारा शब्द, कुणालाही न सांगता, फक्त स्वतःच्या डोक्यात. विसरू नयेत म्हणून आता ते काम करताना सारखे पुटपुटत असतात. परवा रूट कॅनलला आलेल्या बाईंनी तोंड उघडलं, डॉक्टर आत वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "टनेल... पोटॅटो... अंकल..."

बाई गळ्यातल्या रुमालासकट जिना उतरल्या.